परसदारी कोणती झाडे लावावी?

मृगाचा पाऊस झाला, पेरणी उरकली आणि पहिल्या डवरणीपूर्वी चार दिवसांची उसंत मिळाली, की आमच्या वऱ्हाडात घरोघर झाडे लावण्याची हौस जागी होते. आठवडी बाजारातून, रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून अथवा दारावर येणाऱ्या गाडीवाल्याकडून दहा-वीस रोपे घरी येतात. परसात जेथे जागा मोकळी दिसेल तेथे हात-दीड हात खड्डा करून ती पुरली जातात. श्रावण-भाद्रपदात ती डोलू लागतात व पाहणाऱ्यास समाधान वाटते. पुढे होळी होते, विहिरीचे पाणी खाली जाते, आणि वैशाखात त्यांपैकी बहुतेकांच्या काड्या होतात. पुढल्या मृगात पुन्हा तीच खरेदी व तेच खड्डे! जो शेतकरी आपल्या शेतात कपाशीचे एक तासही जमिनीचा मगदूर पाहिल्यावाचून पेरीत नाही, तोच शेतकरी पन्नास वर्षे उभे राहावयाचे झाड मात्र विक्रेत्याच्या शब्दावर लावतो, ही गोष्ट आश्चर्याची आहे.

या विषयावर आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, वऱ्हाडातील शेतकऱ्याने परसदारी झाडे थोडीच लावावी; परंतु जी लावावयाची ती वैशाखातील पाणी, खालची माती आणि घराची भिंत या तीन गोष्टींचा हिशेब करून निवडावी. कोणते रोप विकत घ्यावे हा प्रश्न सर्वांत शेवटचा होय.

झाडांची संख्या वाढविण्याचा उपदेश आपल्या देशात पुष्कळ झाला आहे. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला. आपल्या राज्यात १ जुलै २०१६ रोजी २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला, आणि पुढे तो आकडा २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी व २०१९ साली ३३ कोटी असा चढत गेला. त्यांमागील हेतूस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु सार्वजनिक मोहिमेत जे मोजले जाते ते लावलेले रोप होय. घरधन्यास त्या मोजणीचा काही उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने दहा वर्षांनी ज्याच्या सावलीत खाट टाकता येईल अथवा ज्याचे फळ मुलांच्या हातात पडेल, तेच झाड खरे. सबब परसबागेचा विचार मोहिमेच्या मापाने करणे अयोग्य आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या मैदानी भागात पाऊस साधारणतः ७०० ते ९०० मिलिमीटर पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि देशातील अतिशय तापलेल्या गावांच्या यादीत अकोल्याचे नाव पुनःपुन्हा येते. म्हणून झाडाची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नसून होळीपासून मृगापर्यंत होते. लहान रोपास या दिवसांत एका वेळी सुमारे १५ लिटर पाणी, आठवड्यातून दोन वेळा, दिले पाहिजे असे धरू. फेब्रुवारीच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत २० आठवडे होतात. म्हणजे एका झाडास ६०० लिटर, पाच झाडांस ३,००० लिटर आणि पंचवीस झाडांस १५,००० लिटर पाणी लागेल. पहिला आकडा कोणत्याही घरास झेपण्यासारखा आहे. शेवटचा आकडा, जेथे नळास आठवड्यातून एकदा पाणी येते अशा गावी, केवळ अशक्य आहे. हा हिशेब जुलैत केला, तर मे महिन्यात पश्चात्ताप करावा लागणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे अवश्य आहे. रोपे आणतो पुरुष, परंतु ती जगविण्याचे पाणी बहुतेक घरी बायकांच्या हातूनच पडते. धुणे, भांडी, गुरांचे पाणी आणि शेतातील निंदण-वेचणी हे सारे सांभाळून ज्या घरधनिणीने किंवा सुनेने रोज बादल्या उचलावयाच्या, तिला विचारल्यावाचून पंचवीस रोपे दारात आणून टाकणे हा अन्याय आहे. झाडे किती आणि कोठे, यात तिचे मत प्रथम घ्यावे. शिवाय परस हे केवळ झाडांसाठी नसते. उन्हाळ्यात पापड, कुरड्या, मिरच्या व डाळी वाळविण्यास तेथेच मोकळे ऊन लागते. आज जेथे झाड लावले तेथे दहा वर्षांनी सावली पडणार, हे जिला वाळवण घालावयाचे तिला जितके सुचते तितके इतरांस सुचत नाही.

पाण्याची बचत करण्याचे उपाय आपल्या घरातच आहेत. बुंध्याभोवती तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार चार बोटे जाड पसरावे. मात्र ते खोडास चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवीस आयते घर मिळते. पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा आडोसा करावा, म्हणजे दुपारच्या झळा लागत नाहीत. रोपाजवळ एक मडके तळास बारीक भोक पाडून व त्यात कापडाची वात घालून गळ्यापर्यंत पुरावे, व ते भरून वर झाकण ठेवावे; थेंबथेंब पाणी मुळाशीच मुरते. ज्यांचे घर स्लॅबचे किंवा पत्र्याचे आहे, त्यांनी छपराचे पाणी टाकीत साठवावे. १०० चौरस मीटर छपरावर ७५० मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशेबाने ७५,००० लिटर पाणी होते. त्यातील तिसरा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ५०,००० लिटर उरते. वर सांगितलेल्या पाच झाडांस त्याचा सोळावा भागही लागत नाही.

न्हाणीचे पाणी झाडांस द्यावे की नाही, असे पुष्कळ जण विचारतात. साबणाच्या पाण्यात सोडियमचा अंश असतो व तो काळ्या मातीस बाधक होतो. शिवाय रोज एकाच जागी ओल राहते. केळी व अळू यांस हे पाणी चालते. लिंबू, संत्रा, पपई यांच्या बुंध्याशी मात्र ते कधीही सोडू नये.

खारपाण पट्ट्यातील आमच्या बांधवांचा प्रश्न याहून बिकट आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. दर्यापूरकडील गावे आणि अकोट-मूर्तिजापूर बाजूची कित्येक गावे त्यातच येतात. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारे असते. ते झाडास दिले असता प्रथम पानांच्या कडा करपतात, पुढे क्षारांमुळे माती चिकट व कठीण होऊन तीत हवा व पाणी खेळेनासे होते, आणि झाड मरते. घरधनी मात्र रोप वाईट होते असे म्हणतो. अशा गावी आंबा, संत्रा व पपई यांचा नाद सोडावा. बोर, आवळा, बेल, कवठ, करवंद, चिकू आणि कडूनिंब ही झाडे क्षार पुष्कळ सोसतात. ती लावावी, व पहिली दोन-तीन वर्षे त्यांस शक्य तितके साठविलेल्या पावसाचेच पाणी द्यावे. सुधारलेल्या बोराचे किंवा आवळ्याचे एक चांगले झाड दारात असणे हे हापुसाच्या तीन वाळलेल्या काड्यांपेक्षा केव्हाही बरे.

आता मातीकडे वळू. आपल्याकडील जमीन एकसारखी नाही. नदीकाठच्या मैदानात पुरुषभर खोल काळी माती लागते, तर सातपुड्याच्या पायथ्यास आणि दक्षिणेस पातूर-बार्शीटाकळीच्या डोंगराळ भागात दोन-तीन फुटांवरच मुरूम दिसतो. काळी माती ओली झाली की फुगते व सुकली की आकसून तिला भेगा पडतात. तीत निचरा कमी. जमिनीचा निचरा पाहण्यास कित्येक जण मे महिन्यात खड्डा खणून त्यात पाणी ओततात. पाणी झटकन नाहीसे होते आणि निचरा उत्तम आहे असा समज होतो. वस्तुतः ते पाणी भेगांतून निघून गेलेले असते. ही परीक्षा भाद्रपदात, भेगा बुजल्यावर, करावी. दोन फूट खोल खड्डा करून तो पाण्याने दोनदा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल, तर ती जागा आंबा, लिंबू, पपई यांस सपाटीवर लावण्यास निकामी समजावी.

अशा जमिनीत मोठा खड्डा करून तो सुट्या मातीने व खताने भरणे ही चाल हानिकारक आहे. चारही बाजूंची माती चिकण असल्यामुळे खड्डा माठासारखा होतो. पावसाचे पाणी त्यात साचून मुळे कुजतात. त्याऐवजी दीड फूट उंच व चार-पाच फूट रुंद असा मातीचा ओटा करावा, त्यात दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि रोप त्या ओट्यावर लावावे. मुरमाड जमिनीत मात्र याच्या उलट करावे. तेथे उन्हाळ्यातच तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो तापू द्यावा, आणि मृगापूर्वी पोयट्याच्या मातीने व शेणखताने भरावा. एकच उपदेश दोन्ही जमिनींस लावल्यामुळे किती झाडे मेली असतील याची गणतीच नाही.

संत्र्याचे उदाहरण घ्या. वरूड-मोर्शीकडच्या बागा पाहून परसात दोन संत्र्याची झाडे असावी असे प्रत्येकास वाटते. परंतु संत्र्यास पाण्याचा उत्तम निचरा लागतो. त्या भागातही, जेथे जमीन भारी आणि पाणी साचणारे, तेथे मूळकूज व डिंक्या यांनी बागा बसल्या आहेत. आणि विहिरी-कूपनलिकांवर सारा भार पडून तेथील भूजल खोल गेले आहे, हेही सर्वांस ठाऊक आहे. खोल काळ्या मातीच्या परसात, मोरीच्या शेजारी लावलेला संत्रा कसा टिकावा? लावावयाचाच असेल तर जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरील, डोळ्याचा सांधा जमिनीपासून वीतभर उंच असलेले कलम विश्वासू रोपवाटिकेतून आणावे, ते उंच ओट्यावर लावावे आणि सांधा मातीखाली कधीही जाऊ देऊ नये. आमच्या मते मात्र घरच्या गरजेस कागदी लिंबू अधिक सोयीचे. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने निवडलेली ‘पीडीकेव्ही बहार’ ही लिंबाची जात आपल्याकडीलच आहे.

तिसरी गोष्ट भिंतीची. हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि नुकसान सर्वांत जास्त होते. मोठे झाड उन्हाळ्यात खोलवरची ओल शोषून घेते. काळी माती आकसते, पाया एका बाजूस खचतो आणि भिंतीस तिरपी भेग पडते. पावसाळ्यात माती पुन्हा फुगते व भेग वाढते. पुष्कळ जण याचा दोष गवंड्यास देतात. कडूनिंब, चिंच, जांभूळ, आंबा ही झाडे पक्क्या घरापासूनही निदान २५ ते ३० फूट दूर असावी. वड, पिंपळ व उंबर यांस तर घराच्या आवारात स्थानच नाही, त्यांची जागा गावाच्या पारावर व नदीकाठी. लिंबू, डाळिंब, सीताफळ, गोडनिंब ही लहान झाडे आठ-दहा फुटांवर चालतात. चुकीच्या जागी लावलेले झाड पुढे तोडू, असे म्हणणाऱ्यांनी कायदाही ध्यानात घ्यावा. १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या महाराष्ट्र अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, साग इत्यादी झाडे आहेत, व ती तोडण्यास, मग ती स्वतःच्या आवारात का असेनात, परवानगी घ्यावी लागते. म्हणून विचार लावतानाच केलेला बरा.

या तिन्ही कसोट्या लावल्यानंतर मध्यम जमिनीच्या व गोड्या पाण्याच्या साधारण परसास आम्ही पाच झाडे सुचवितो. पश्चिमेस किंवा नैर्ऋत्येस, घरापासून योग्य अंतरावर, एक मोठे सावलीचे झाड: कडूनिंब किंवा जांभूळ. दुपारचे ऊन भिंतीवर येण्यापूर्वीच ते अडविते, आणि मे महिन्यातील घराचा ताप पुष्कळ कमी होतो. स्वयंपाकघराजवळ एक गोडनिंब. ओट्यावर एक कागदी लिंबू. मात्र पावसाळ्यात खैऱ्या रोग दिसताच रोगट फांद्या काढून टाकाव्या. कुंपणाकडे एक शेवगा. त्याची फांदी ठिसूळ असल्यामुळे वाटेवर किंवा गोठ्यावर तो येऊ देऊ नये व दरवर्षी छाटून बुटका ठेवावा. पाचवे झाड पेरू किंवा सीताफळ. पेरूची सरदार ऊर्फ लखनौ-४९ ही जात पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडलेली असून आपल्याकडे चांगली फळते. हलक्या व मुरमाड जागेत सीताफळ लावावे. त्यास शेळी सहसा तोंड लावीत नाही हा आणखी एक फायदा. ज्यांचे आवार मोठे आहे त्यांनीच आंबा लावावा, आणि तोही केशर, दशहरी किंवा लंगडा अथवा आपल्याच शिवारातील नावाजलेल्या गावरान झाडाचे कलम असावे. हापूस कोकणच्या हवेत जसा फळतो तसा वऱ्हाडाच्या कोरड्या उन्हात फळत नाही. नारळाचेही तेच. झाड उभे राहते, पाणी मात्र दहा झाडांचे पिते, आणि नारळ मोजकेच देते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, देशी तेवढीच झाडे लावावी, विदेशी नकोत. हे म्हणणे आम्हांस अर्धेच पटते. पेरू, सीताफळ व पपई अमेरिकेतून आली, आपली चिंचही मूळची आफ्रिकेची. ती येथील हवेत रुळली व येथील पोटास उपयोगी पडली, म्हणून ती आपली झाली. उलट दिखाऊपणासाठी कुंपणाशी रांगेने लावलेला कोनोकार्पस पाहा. तो झपाट्याने वाढतो यापलीकडे त्याचा गुण नाही. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीस बंदी घातली. गुलमोहोर दिसण्यास सुंदर, परंतु त्याची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ. वादळात तो छपरावर पडतो. सुबाभळीचे बी सर्वत्र पडून शेजाऱ्याच्या परसातही रान माजते. तात्पर्य, झाड कोठून आले यापेक्षा ते येथे काय करते, हेच पाहावे.

दुसरा आक्षेप असा की, पाच झाडांनी काय साधणार? बाजारात सर्व काही मिळते. बाजारात मिळते खरे. परंतु कापूस व सोयाबीन विकून आलेल्या पैशातून शेतकऱ्याच्या घरी मुलांसाठी फळ किती वेळा विकत येते, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. दारात झाड असले म्हणजे ज्येष्ठ-आषाढात जांभूळ, आश्विन-कार्तिकात सीताफळ, थंडीत पेरू, आणि लिंबू व शेवग्याचा पाला बहुतेक वर्षभर घरच्या मुलांस पैसा न मोजता मिळतो. अलीकडे नव्या घरांच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे ठोकळे बसविण्याची चाल पडली आहे. झाडणे सोपे जाते हे खरे; पण त्या अंगणात मे महिन्यात पाय ठेववत नाही आणि पावसाचा थेंबही मुरत नाही. निदान झाडाभोवती तरी चार हात जमीन उघडी ठेवावी.

सबब आमची सभासदांस आग्रहाची विनंती अशी आहे की, येत्या लागवडीपूर्वी घरातील सर्वांनी परसात एकदा एकत्र उभे राहावे. दुपारी ऊन कोणत्या भिंतीवर येते, पावसाचे पाणी कोठे साचते, वाळवणास किती जागा हवी, पाणी कोण घालणार, हे ठरवावे व मगच रोप आणावे. ते कृषी विद्यापीठाच्या अथवा परवानाधारक रोपवाटिकेतून, जात व खुंट विचारून, पावती घेऊन आणावे. आणि पुढील मृगात आपल्या परसातील जमीन कोणती, पाणी गोडे की खारे, किती झाडे लावली व किती जगली, एवढी चार ओळींची माहिती प्रत्येकाने या मासिकाकडे धाडावी. गावोगावची अशी माहिती एकत्र छापली गेली, तर कोणत्या गावी कोणते झाड लावावे हे सांगण्यास गाडीवाल्याची गरज उरणार नाही.